जर्मनीत नोकरी करायची आहे? मग कागदांचा क्रम आधी लावा

परदेशी जायचं ठरलं की बरेच जण आधी एजंट गाठतात, मग व्हिसाचं बघतात, मग नोकरीचं, आणि भाषा 'तिकडे गेल्यावर आपोआप येईल' म्हणून सोडून देतात. जर्मनीच्या बाबतीत हा क्रम जवळजवळ उलटा करायला हवा. तिथला व्हिसा हा सगळ्यात शेवटचा आणि त्या मानाने सोपा टप्पा आहे. त्याआधी तुमचं शिक्षण जर्मन सरकारच्या नजरेत काय ठरतं, हे कळायला हवं. तुम्हाला कोणता मार्ग खुला आहे, पगार किती लागेल, भाषा कुठपर्यंत शिकावी लागेल, हे सगळं त्या उत्तरावर ठरतं.

जर्मनीच का, यावर फार वेळ घालवत नाही. कुशल मनुष्यबळाची तिथे टंचाई आहे आणि त्यासाठी त्यांनी २०२० मध्ये कायदा बदलला. २०२३-२४ मध्ये तो आणखी सैल केला. भारतीयांसाठीच्या कुशल कामगार व्हिसांची वार्षिक संख्या २०,००० वरून ९०,००० करण्याची तयारी जर्मनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केली. महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याचाही मनुष्यबळाबाबत करार झालेला आहे. दार उघडं आहे, पण आत घेताना प्रत्येक कागद उलटून पाहतात.

पायरी १ : पदवी तपासा

यासाठी एक संध्याकाळ पुरते आणि खर्च शून्य. 'अनाबिन' नावाचा जर्मन सरकारी डेटाबेस आहे. तो जर्मन भाषेत आहे, पण ब्राउझरचं भाषांतर चालू केलं की काम भागतं. तिथे दोन गोष्टी वेगवेगळ्या शोधायच्या असतात आणि इथेच लोक गडबडतात.

पहिली, विद्यापीठ. यादीत भारत निवडा आणि तुमचं विद्यापीठ शोधा. कॉलेजचं नाव शोधू नका. पदवीच्या प्रमाणपत्रावर ज्या विद्यापीठाचं नाव आहे ते महत्त्वाचं, कॉलेज स्वायत्त असलं तरी. विद्यापीठापुढे 'एच+' असेल तर ते मान्यताप्राप्त. 'एच+/-' म्हणजे प्रकरणागणिक ठरेल, आणि 'एच-' म्हणजे उच्चशिक्षण संस्था म्हणून मान्यता नाही.

दुसरी, पदवी. बी. ई., बी. टेक., एम. एस्सी. अशी तुमची पदवी शोधून तिच्यापुढचा शेरा वाचा. 'एंटश्प्रिष्ट' किंवा 'ग्लाइशव्हेर्टिश' असं असेल तर ती जर्मन पदवीच्या बरोबरीची. 'बेडिंग्ट फेरग्लाइशबार' म्हणजे सशर्त तुलना. त्या शेऱ्याच्या भरवशावर पुढचे बेत आखू नका. तीन वर्षांच्या पदव्यांबाबत नोंद विशेष काळजीपूर्वक वाचा, कारण पदवीचा कालावधीही तिथे दिलेला असतो आणि तो तुमच्याशी जुळला पाहिजे.

दोन्ही नोंदी चांगल्या असतील तर दोन्ही पानांची पीडीएफ काढून ठेवा. ती पुढे नोकरीच्या अर्जाला जोडायची आहे आणि व्हिसालाही. नोंद सापडली नाही किंवा संदिग्ध असली तर 'झेड-ए-बी' या केंद्रीय कार्यालयाकडून पदवीचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं. शुल्क २०८ युरो. हा खर्च करायला कचरू नका. त्या एका कागदाने पुढचे दहा प्रश्न मिटतात.

परिचारिका, डॉक्टर, शिक्षक अशा नियंत्रित व्यवसायांची गोष्ट पूर्ण वेगळी आहे. तिथे अनाबिन पुरत नाही. ज्या राज्यात काम करणार त्या राज्याच्या प्राधिकरणाकडून व्यवसायाची मान्यता घ्यावी लागते. परिचारिकांना बहुतेक वेळा आधी 'अमुक अमुक कमी आहे' असा लेखी निर्णय मिळतो आणि मग ती कमतरता तिथे जाऊन अनुकूलन प्रशिक्षणाने किंवा ज्ञान-परीक्षेने भरून काढायची असते. असा निर्णय हाती आला म्हणजे नकार आला, असं समजून घाबरणारे खूप आहेत. तो नकार नसतो. त्या कागदावरच व्हिसा मिळतो. डॉक्टरांना 'आप्रोबात्सिओन' म्हणजे कायम परवाना हवा आणि त्यासाठी वैद्यकीय जर्मनची सी-१ पातळीची परीक्षा द्यावी लागते (भाषेच्या युरोपीय पातळ्या ए-१ पासून सी-२ पर्यंत चढत जातात).

पायरी २ : तुमचा मार्ग कोणता ते ठरवा

ढोबळमानाने तीन रस्ते आहेत.

ब्ल्यू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित कामगारांसाठीचा निवास-परवाना, सगळ्यात चांगलं. त्यासाठी तुल्य पदवी, पदवीला साजेशी नोकरी आणि ठराविक पगार लागतो. २०२६ साठी ही मर्यादा वर्षाला ५०,७०० युरो आहे; टंचाई असलेल्या व्यवसायांसाठी (अभियंते, आयटी, डॉक्टर वगैरे) आणि पदवी मिळून तीन वर्षं न झालेल्यांसाठी ४५,९३४.२० युरो. आकडा दर जानेवारीत बदलतो, त्यामुळे जुन्या व्हिडिओतली रक्कम डोक्यात ठेवून पगाराची बोलणी करू नका. आयटीतल्या लोकांना एक खास सवलत आहे: पदवी नसली तरी गेल्या सात वर्षांत तीन वर्षांचा त्या दर्जाचा अनुभव असेल तर ब्ल्यू कार्ड मिळू शकतं.

दुसरा रस्ता अनुभवाचा. भारतात मान्य असलेलं किमान दोन वर्षांचं व्यावसायिक शिक्षण किंवा पदवी, गेल्या पाच वर्षांत दोन वर्षांचा संबंधित अनुभव आणि पुरेसा पगार असेल तर जर्मन मान्यतेशिवायही काम करता येतं, अर्थात अनियंत्रित व्यवसायांत. डिप्लोमाधारकांनी हा रस्ता आवर्जून पाहावा. त्याची चर्चा फार होत नाही.

तिसरा, चान्सेनकार्ट म्हणजे संधी-कार्ड. हे १ जून २०२४ पासून सुरू झालं. नोकरी हातात नसताना जर्मनीत जाऊन एक वर्षापर्यंत शोधायची परवानगी. पदवी पूर्ण मान्य असेल तर गुणांची भानगड नाही. नसेल तर किमान जर्मन ए-१ किंवा इंग्रजी बी-२ हवं आणि त्यावर सहा गुण जमवावे लागतात. गुणांचा हिशेब कसा चालतो ते एका उदाहरणावरून पाहू.

समजा, ३८ वर्षांचा मेकॅनिकल इंजिनिअर आहे, सलग सहा वर्षांचा अनुभव आहे, पण पदवीची नोंद अनाबिनवर अर्धवट आहे. वय ३५ ते ४० म्हणून १ गुण. गेल्या सात वर्षांत पाच वर्षांचा अनुभव म्हणून ३. टंचाईचा व्यवसाय म्हणून १. झाले पाच. आता जर्मन ए-२ चं प्रमाणपत्र असेल तर १ मिळून सहा पूर्ण. बी-१ असतं तर २, बी-२ असतं तर ३ गुण मिळाले असते. इंग्रजी सी-१ असेल तर त्याचाही १. हाच माणूस ३४ वर्षांचा असता तर वयाचेच २ गुण मिळाले असते आणि भाषेच्या गुणाची गरज पडली नसती. म्हणजे वय वाढेल तसा भाषेचा भाव वाढतो.

मात्र संधी-कार्ड सगळ्यांनी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यावर आठवड्याला २० तासांपर्यंतच अर्धवेळ काम करता येतं. शिवाय उदरनिर्वाहाची सोय आधी दाखवावी लागते. 'ब्लॉक्ड' खात्यात (ज्यातून दरमहा ठराविक रक्कमच काढता येते) पैसे ठेवून दाखवायची असेल तर २०२५ मध्ये ही रक्कम महिना १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे १३,०९२ युरो होती. कर्ज काढून ही रक्कम भरायची आणि तिथे जाऊन जर्मन शिकायला सुरुवात करायची, या बेतात वर्ष कधी संपतं ते कळत नाही. आयटीतला अनुभवी माणूस इथूनच मुलाखती देऊन ब्ल्यू कार्डावर जाऊ शकतो. त्याने तेच करावं. ज्यांच्या कामात प्रत्यक्ष भेटीला महत्त्व आहे आणि ज्यांच्याकडे निदान बी-१ जर्मन आहे, त्यांना संधी-कार्डाचा खरा उपयोग.

पायरी ३ : भाषा, आणि ती इथेच

ब्ल्यू कार्डाला जर्मनची अट नाही. त्यामुळे 'ऑफिसात इंग्रजी चालतं' हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी असतं आणि ते खरंही आहे, विशेषतः बर्लिनच्या स्टार्टअप कंपन्यांत. पण घरमालकाचा ईमेल, विम्याचं पत्र, मुलाच्या बालवाडीतली बैठक, परदेशी नागरिक कार्यालयातला कर्मचारी, हे सगळं जर्मनमध्येच आहे. दुसरं असं की फक्त इंग्रजीवर चालणाऱ्या नोकऱ्यांसाठी तुमची स्पर्धा सगळ्या जगाशी असते. बी-१ जर्मन आलं की तो घोळका एकदम विरळ होतो. मध्यम आकाराच्या, छोट्या गावांतल्या यंत्रनिर्मिती कंपन्या, ज्यांना माणसं खरंच मिळत नाहीत, त्या याच पातळीवर उघडतात.

नोकरी सांभाळून शून्यापासून बी-१ पर्यंत यायला वर्षभर धरा. मुंबई आणि पुण्यात मॅक्स म्युलर भवन म्हणजेच ग्योथे संस्थेचे वर्ग आहेत. खासगी शिकवणी लावली तरी परीक्षा मात्र ग्योथे, टेल्क, ओ-एस-डी यांसारख्या मान्य संस्थेचीच द्या. शिकवणीवाल्याने स्वतःच छापून दिलेलं प्रमाणपत्र व्हिसाला चालत नाही. परीक्षेच्या तारखा लवकर भरतात, तेव्हा अभ्यास पूर्ण होण्याची वाट न पाहता आधी तारीख घ्या. तारीख ठरली की अभ्यासही होतो.

पायरी ४ : कागदांवरची नावं

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण आपल्याकडच्या लोकांचे अर्ज इथे हमखास अडकतात. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि कित्येकदा शेवटी आईचं नाव असतं. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव 'दिलेलं नाव' या रकान्यात जातं आणि आडनाव वेगळ्या रकान्यात. आधारवर कधी मधलं नाव असतं, कधी फक्त आद्याक्षर. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांची पदवी माहेरच्या नावावर आणि पासपोर्ट सासरच्या. जर्मन कारकुनापुढे ही चार कागदं ठेवली तर त्याला ती चार वेगवेगळी माणसं वाटू शकतात.

म्हणून पासपोर्ट हा पाया धरा आणि बाकी कागद त्याच्याशी ताडून पाहा. जिथे दुरुस्ती शक्य आहे तिथे ती आत्ताच करून घ्या. जिथे नाही, तिथे 'या सर्व नावांची व्यक्ती एकच आहे' असं प्रतिज्ञापत्र आणि नाव बदललं असल्यास राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला जोडा. जन्मदाखला नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा, इंग्रजीत, हवा. तो मिळायला दिरंगाई होते, हे वेगळं सांगायला नको. लग्न झालं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र हवंच. लग्नपत्रिका आणि फोटो इथे कामाचे नाहीत.

अपॉस्टिलबद्दल, म्हणजे कागद खरा असल्याच्या आंतरराष्ट्रीय शिक्क्याबद्दल, एक सूचना. 'सगळ्या कागदांना अपॉस्टिल लागतो' म्हणून गठ्ठ्याने पैसे घेणारे बरेच आहेत. भारत २००५ मध्ये अपॉस्टिलच्या हेग करारात आला तेव्हा जर्मनीने त्याला हरकत घेतली होती, त्यामुळे जन्म-विवाहाच्या दाखल्यांसाठी जर्मन वकिलात स्वतःची पडताळणी करून घेते. तेव्हा ज्या कार्यालयाला कागद द्यायचा आहे त्याने लेखी मागितल्याशिवाय अपॉस्टिलवर खर्च करू नका.

अनुभवाची पत्रंही आताच गोळा करा. 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत काम केलं, चालचलन चांगलं' एवढ्या दोन ओळींवर जर्मन कंपनीचं समाधान होत नाही. तिथे नोकरी सोडताना मिळणारं 'आर्बाइट्सत्सोयग्निस' हे पानभराचं असतं: काय काम केलं, कोणती साधनं वापरली, हाताखाली किती माणसं होती. मनुष्यबळ विभागाला मसुदा तुम्हीच लिहून द्या आणि लेटरहेडवर सही घ्या. नोकरी सोडल्यावर हे मागायला जाणं म्हणजे नुसते हेलपाटे.

पायरी ५ : नोकरी शोधणं

सरकारी रोजगार संस्थेचं संकेतस्थळ, 'मेक इट इन जर्मनी' हे अधिकृत पोर्टल, लिंक्डइन, स्टेपस्टोन आणि थेट कंपन्यांची पानं, यापलीकडे गुपित काही नाही. बायोडेटा दोन पानांचा, तारखा महिना-वर्षासह, मधला रिकामा काळ न लपवता. 'ध्येयवादी, मेहनती' असली विशेषणं काढून टाका. सगळ्यात वर एक ओळ मात्र जरूर घाला: पदवी अनाबिनवर तुल्य आहे आणि तुम्ही ब्ल्यू कार्डाला पात्र आहात. परदेशी माणूस घेणं म्हणजे कटकट, अशी भीती छोट्या कंपन्यांच्या मनात असते. तुमच्या एका ओळीने ती निम्मी होते.

मुलाखतीत पगाराची अपेक्षा विचारतात तेव्हा वर्षाचा 'ब्रुटो', म्हणजे कर कापण्याआधीचा आकडा सांगायचा असतो. हाती येणारा 'नेटो' त्याहून बराच कमी. अंदाज यावा म्हणून: वर्षाला ५१,००० युरो म्हणजे महिना ४,२५० युरो ब्रुटो. एकट्या, मूलबाळ नसलेल्या माणसाच्या यातून निवृत्तिवेतन (९.३ टक्के), आरोग्य विमा, बेरोजगारी विमा आणि शुश्रूषा विमा मिळून नऊशेच्या वर युरो जातात, प्राप्तिकराचे सहाशेच्या आसपास. हाती उरतात साधारण २,७०० युरो. याच्या शंभरपट रुपये मनात धरून हरखून जाऊ नका. म्युनिकमध्ये यातला मोठा वाटा घरभाड्यात जातो, लाइपझिगमध्ये बराच कमी. दोन शहरांतल्या नोकऱ्यांची तुलना पगारावर न करता भाडं वजा करून करा.

करार आला की चार गोष्टी बोट ठेवून वाचा: नोकरी मुदतीची आहे की कायम, परिवीक्षेचा काळ (कायद्याने जास्तीत जास्त सहा महिने, आणि त्यात दोन आठवड्यांच्या सूचनेवर नोकरी जाऊ शकते), रजा (पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्याने किमान २० दिवस, पण बऱ्याच कंपन्या ३० च्या आसपास देतात) आणि ठरलेला पगार. बोनस धरून ब्ल्यू कार्डाची मर्यादा गाठायचा प्रयत्न करू नका; हमी असलेलीच रक्कम मोजली जाते.

एजंटबद्दल

नोकरी मिळवून देतो म्हणणाऱ्या एजंटला भारतीय परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली तो तुमच्याकडून कमाल ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेऊ शकतो. नोंदणी क्रमांक ई-मायग्रेट पोर्टलवर पाच मिनिटांत तपासता येतो. लाखांचे आकडे, 'जर्मन येत नसलं तरी चालेल, आम्ही बघतो' आणि पासपोर्ट आमच्याकडे ठेवा, ही तीन वाक्यं ऐकू आली की उठून निघावं. परिचारिकांच्या भरतीत तर चांगल्या रुग्णालयांत भाषेचा आणि मान्यतेचा खर्च मालकच करतो.

पायरी ६ : व्हिसा

दीर्घ मुदतीच्या व्हिसाचा अर्ज जर्मन परराष्ट्र खात्याच्या ऑनलाइन पोर्टलवर भरता येतो. कागद तपासले गेले की बोटांचे ठसे आणि मूळ कागदपत्रांसाठी बोलावणं येतं. महाराष्ट्रातले अर्जदार मुंबईच्या वाणिज्य वकिलातीच्या कक्षेत येतात. शुल्क ७५ युरो. कंपनीने भरून द्यायचा नोकरीच्या तपशिलाचा एक जर्मन फॉर्म असतो. करार असला तरी तो वेगळा लागतो. पहिल्या दिवसापासूनचा आरोग्य विमाही दाखवावा लागतो: नोकरी सुरू होईपर्यंतच्या दिवसांसाठी प्रवासविमा, त्यापुढे तिथला वैधानिक.

कंपनीला घाई असेल तर तिला 'जलद कुशल कामगार प्रक्रिया' सुचवा. कंपनी तिथल्या कार्यालयात ४११ युरो भरून पूर्वसंमती काढते आणि इथला अर्ज पुष्कळ वेगाने पुढे सरकतो.

१ जुलै २०२५ पासून एक मोठा बदल झालाय. पूर्वी नकार आला तर वकिलातीकडेच फेरविचाराचा मोफत अर्ज करता यायचा. ती सोय आता बंद झाली. नकारानंतर एकतर नव्याने अर्ज किंवा बर्लिनच्या न्यायालयात दावा. म्हणून 'आधी टाकून तर बघू' ही वृत्ती इथे परवडत नाही.

पायरी ७ : निघण्यापूर्वी इथलं आवरणं

तुमच्या बँकखात्याचं काय? नोकरीसाठी परदेशी गेलात की परकी चलन नियमांनुसार साधं बचत खातं 'एनआरओ' (अनिवासी भारतीयाचं इथल्या उत्पन्नासाठीचं खातं) करून घ्यावं लागतं. बहुतेक लोक हे वर्षानुवर्षं करत नाहीत आणि मग घर विकताना किंवा मोठी रक्कम हलवताना अडकतात. तिथली कमाई इथे पाठवायला 'एनआरई' खातं उघडा. त्यावरचं व्याज भारतात करमुक्त असतं. चालू पीपीएफ मुदतीपर्यंत सुरू ठेवता येतो, नवा उघडता येत नाही.

निघण्याच्या तारखेचा करावर परिणाम होतो. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाचा त्या आर्थिक वर्षातला भारतातला मुक्काम १८२ दिवसांपेक्षा कमी असेल तर तो त्या वर्षापुरता अनिवासी ठरतो. म्हणजे सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात निघणारा आणि ऑक्टोबरच्या मध्यावर निघणारा यांचं करविवरणपत्र वेगळं असतं. तारीख तुमच्या हातात असेल तर सीएला आधी विचारा.

आणि मोबाइल नंबर. आधार, बँक, आयकर, भविष्य निर्वाह निधी, सगळीकडे ओटीपी याच नंबरवर येतो. सिम आंतरराष्ट्रीय रोमिंगसह चालू ठेवा, किमान रिचार्ज चुकवू नका, आणि निघण्याआधी विमानतळावर नव्हे तर घरी बसून सगळं तपासा. घर-जमिनीच्या कामांसाठी आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला तरी नोंदणीकृत मुखत्यारपत्र देऊन जा. तिकडून ते करायचं म्हणजे भारतीय वकिलातीची तारीख घ्या, सुट्टी टाका, प्रवास करा.

पायरी ८ : पोचल्यावरचा पहिला महिना

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे 'आनमेल्डुंग', करायची असते. त्यासाठी घरमालकाचं सही केलेलं राहण्याचं प्रमाणपत्र लागतं. हॉटेल किंवा सुट्टीतली घरं ते सहसा देत नाहीत. म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी घर घेताना 'इथे आनमेल्डुंग होईल का?' हा पहिला प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

घर मिळालं की पहिल्याच दिवशी टपालपेटीवर आणि बेलवर तुमचं आडनाव लावा. जर्मनीत पोस्टमन दाराच्या क्रमांकावर जात नाही, नावावर जातो. नाव दिसलं नाही की पत्र परत. आणि तुमची सगळी महत्त्वाची कागदं पत्रानेच येतात: अकरा आकडी कर-क्रमांक, बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड. नोंदणीनंतर काही आठवड्यांत कर-क्रमांक येतो. तो कंपनीला वेळेत मिळाला नाही तर कंपनी तुम्हाला सहाव्या करवर्गात टाकू शकते आणि पहिल्याच पगारातून कर भसाभस कापला जातो. पुढे तो परत मिळतो, पण नेमका पैशांची निकड असलेल्या महिन्यात हात आखडतो.

कायमचं घर शोधताना 'काल्ट' भाडं आणि 'वार्म' भाडं यातला फरक लक्षात ठेवा. काल्ट म्हणजे नुसतं जागेचं भाडं. वार्ममध्ये त्यावर गरम पाणी, हीटिंग, इमारतीचा खर्च येतो, वीज आणि इंटरनेट बहुधा नाही. अनामत कायद्याने कमाल तीन महिन्यांचं काल्ट भाडं, आणि ती तीन हप्त्यांत भरायचा हक्क तुम्हाला आहे. कित्येक घरांत स्वयंपाकघर म्हणजे चार भिंती आणि नळाचं तोंड. ओटा, सिंक, शेगडी आधीचा भाडेकरू सोबत घेऊन गेलेला असतो. 'मी सध्या परदेशात आहे, अनामत पाठवा, चावी कुरिअरने येईल' असा घरमालक भेटला तर तो चोर समजा. घर न पाहता एक युरोही देऊ नका.

व्हिसा सहसा काही महिन्यांचाच असतो. तो संपण्याआधी परदेशी नागरिक कार्यालयातून निवासपत्राचं कार्ड घ्यायचं. मोठ्या शहरांत तारीख मिळता मिळत नाही, म्हणून पोचल्याच आठवड्यात अर्ज टाका. वेळेत अर्ज केला आणि कार्ड यायला उशीर झाला, तर मधल्या काळासाठी 'फिक्सिओन्सबेशायनिगुंग' नावाचं पत्र मागा. त्यावर राहता आणि काम करता येतं. पण ते घेऊन देशाबाहेर जाण्याआधी परत येता येईल ना, हे त्यावर टिक केलेल्या चौकोनावरून तपासा.

भारतीय वाहन परवाना नोंदणीपासून सहा महिने चालतो. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा. गाडी लागणारच असेल तर हे सहा महिने वाया घालवू नका.

कुटुंब आणि पुढची वर्षं

ब्ल्यू कार्डधारकाच्या जोडीदाराला जर्मन परीक्षेशिवाय व्हिसा मिळतो आणि आल्या दिवसापासून पूर्णवेळ नोकरी करता येते. मुलांसाठी २०२६ मध्ये दरमहा प्रत्येकी २५९ युरो बालभत्ता आहे. वर्षाच्या वरच्या मुलाला बालसंगोपन केंद्रात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे, पण प्रत्यक्षात जागा मिळायला रांग असते. घराचा पत्ता पक्का झाला की त्याच दिवशी नाव घाला. आईवडिलांना आणायची वाट २०२४ पासून थोडी उघडली आहे, १ मार्च २०२४ नंतर पहिला कुशल कामगार परवाना मिळालेल्यांसाठी. मात्र त्यांच्या पूर्ण आरोग्य विम्याची सोय तुम्हाला करावी लागते, आणि उतारवयात तो विमा मिळणं हीच मुख्य अडचण आहे.

ब्ल्यू कार्डावर ए-१ जर्मनसह २७ महिन्यांनी आणि बी-१ सह २१ महिन्यांनी कायम निवास मिळू शकतो. या महिन्यांत निवृत्तिवेतनाचं योगदान भरलेलं असावं लागतं, म्हणून पगाराच्या पावत्या आणि विमा कंपनीची दर वर्षीची पत्रं एका फाइलमध्ये लावत चला. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे, त्यामुळे भारतात परतलात तरी ही वर्षं बुडत नाहीत.

नागरिकत्व पाच वर्षांनी मागता येतं. जर्मनीने २७ जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्व मान्य केलंय, पण भारताला ते मान्य नाही. जर्मन पासपोर्ट घेतला की भारतीय पासपोर्ट जमा करून ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) घ्यावं लागतं. ओसीआयवर घर-फ्लॅट घेता येतो. शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाहक्काने मात्र मिळू शकते. गावी शेती असेल आणि भावकीत वाटण्या व्हायच्या असतील, तर त्या व्हायच्या आधी नागरिकत्वाचा अर्ज करू नका, निदान वकिलाला सातबारा दाखवल्याशिवाय तरी नाही.